‘नुसतं बघायचे ३२०० घेतले’: लिनिया टी-जेटच्या तक्रारीला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या फियाट लिनिया टी-जेट गाडीच्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा पोरानं वाचून दाखवला. एक स्टार. गाडी ६ दिवस अडकवली, नुसतं बघायचे ३२०० घेतले, पोरं हसली, आणि काम घरी केलंय म्हटल्यावर सगळा दोष तुमच्यावर ढकलून टर्बोचा खर्च सांगितला. शेवटी ‘उद्यमनगरातली लूट’. वाचून आधी डोकं फिरलं, खोटं कशाला सांगू. म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय.

पोरं हसली हे खरं आहे. मी त्या वेळी लेथवाल्याकडं गेलो होतो, पण विचारल्यावर एका पोरानं कबूल केलं. ‘घरी केलंय व्हय?’ म्हणून जो हसला, त्यानं मागच्या दिवाळीत स्वतःच्या बाइकचा पिस्टन उलटा बसवला होता. त्यामुळं त्याला तर हसायचा अजिबात अधिकार नाही. त्याच्या वतीनं मी माफी मागतो. मीसुद्धा घराच्या अंगणातच शिकलोय, आईच्या लाडवाच्या डब्यात नट-बोल्ट ठेवून.

आता ६ दिवसांचं. गाडी बुधवारी संध्याकाळी टो होऊन आली. गुरुवारी स्कॅनर आणि प्रेशर टेस्ट, शुक्रवारी टर्बो उतरवला, शनिवारी रात्री फोटोसह एस्टिमेट तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. सोमवारी आमचं बंद. मंगळवारी तुमचं उत्तर आलं आणि त्याच दिवशी तुम्ही गाडी नेली. म्हणजे रविवारपासून गाडी तुमच्या उत्तराची वाट बघत उभी होती. हे दिवस तुम्ही आमच्या नावावर लावलेत. चालायचंच.

खरा मुद्दा टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा. तो नीट सांगतो, कारण घरी टर्बो गाडीवर काम करणारी बरीच पोरं हे वाचतील.

तुमची तक्रार होती की अ‍ॅक्सिलरेटर सोडला की निळा धूर येतो, दाबला की सायरनसारखा आवाज येतो आणि ५०० किलोमीटरला लिटरभर ऑईल कमी होतं. धूर दिसला की ‘टर्बो गेला’ म्हणून मोकळं होणं सगळ्यात सोपं. आम्ही तसं करत नाही. टर्बोतून खाली येणारं ऑईल पंपाच्या जोरावर येत नाही, आपल्या वजनानं परत चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्यात) पडतं. ती परतीची नळी दबली, तुंबली, नाहीतर ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) चोक होऊन इंजिनच्या पोटात प्रेशर वाढलं, तर चांगला टर्बोसुद्धा सीलमधून ऑईल बाहेर टाकतो. अशा वेळी नवा टर्बो घातला तरी आठवड्यात तोही धूर काढतो. म्हणून आधी परतीची नळी, ब्रीदर, एअर फिल्टर, मग इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांत हवा भरून, गळती दिसायला साबणाचं पाणी. तुमच्या गाडीत हे सगळं चांगलं निघालं. एक क्लॅम्प ढिला होता, तो आवळून दिला, त्याचे पैसे लावले नाहीत.

मग टर्बो उतरवला. शाफ्ट (टर्बोचा मधला दांडा) बोटानं आडवा हलवला तर थोडा खेळ, म्हणजे सैलपणा, असतोच, तो ऑईल भरल्यावर भरून निघतो. मागेपुढे खेळ मात्र जवळजवळ नसावा लागतो. तुमचा शाफ्ट मोजायचा डायल न लावताच मागेपुढे हलत होता. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या पात्यांच्या कडा घासून चमकत होत्या आणि हाऊसिंगमध्ये आतून गोल चरा पडला होता. सायरनचा आवाज तिथून यायचा.

हे कशानं झालं ते ऑईलच्या आवकेच्या नळीत सापडलं. तुम्ही जुनी नळी काढून स्टीलच्या जाळीची ब्रेडेड नळी घातलीत. नळी चांगली आहे, माप बरोबर आहे. पण जोडाला कॉपर वायसरच्या जागी लाल सिलिकॉन पेस्ट लावलीत. बोल्ट आवळला की पेस्ट जेवढी बाहेर दिसते तेवढीच आतही दाबली जाते. बाहेरची आपण चिंधीनं पुसतो, आतली कोण पुसणार? ती वाळते, सुटते आणि ऑईलबरोबर पुढं जाते. टर्बोच्या तोंडाशी मोहरीच्या दाण्याएवढा लाल गोळा अडकला होता. ते भोक मुळात काडेपेटीच्या काडीएवढं. एवढ्याशा टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो बेअरिंगला टेकलेला नसतो, ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर काही सेकंद तुटला तरी पुरतं.

आता म्हणाल, गोळा काढा, धुवा, परत बसवा. तुम्ही तेच लिहिलंय. चाक हाऊसिंगला घासलंय म्हणजे शाफ्टचा तोल गेलाय. तसाच बसवला असता तर पन्हाळ्यापर्यंत कदाचित गेलाही असता. पण पात्याचा तुकडा सुटला तर तो इंटरकूलरमध्ये जातो, आणि तिथून पुढं इंजिनच आहे. म्हणून एस्टिमेटमध्ये दोन पर्याय दिले होते: फक्त आतला कोअर (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा भाग) बदलून बॅलन्स करून घेणं, नाहीतर पूर्ण टर्बो. बॅलन्सिंगचं मशीन आमच्याकडं नाही, ते बाहेरून करून आणावं लागतं, हेही त्यात लिहिलं होतं. रिव्ह्यूमध्ये तुम्ही फक्त दुसऱ्या पर्यायाचा आकडा टाकलात.

‘घरी केलं म्हणून दोष दिला’ हे मात्र मला लागलं, कारण मी उलट बोललो होतो. तुमच्या गाडीचे चारही प्लग बघितले. रंग एकसारखा, गॅप एकसारखा. ऑईल ५डब्ल्यू-४० घातलंय, बरोबर आहे. बूस्ट गेजचं (टर्बोचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरचं) वायरिंग फ्यूज टाकून, स्लीव्ह घालून केलंय. ते बघायला मी पोरांना बोलावलं होतं, कारण आमच्याकडं शोरूमबाहेर केलेली अ‍ॅक्सेसरीची वायरिंग येतात ती बघून रडू येतं. चूक एका जोडावर झाली, आणि ती चूक गॅरेजमध्ये मुरलेले मिस्त्रीही करतात. ‘जरा जास्त पेस्ट लाव, गळायला नको’ हे वाक्य आमच्या लाइनीत दिवसातून दहादा ऐकू येतं.

रीमॅपबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कंप्युटरमध्ये टाकलेल्या नव्या प्रोग्रॅमबद्दल, मी तेव्हा बोललो नाही, इथं बोलतो. लिनिया टी-जेट २०१० ला आली तेव्हा १३६८ सीसीमधून ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर टॉर्क होता. त्याच घराण्याच्या इंजिनातून पुढं अबार्थ पुंटो या गाडीला १४५ बीएचपी काढले, म्हणजे इंजिनात दम आहे, तुमचा हिशोब चुकीचा नाही. पण तुम्ही घेतलेला मॅप युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या (ठोका न देता जळणाऱ्या वरच्या दर्जाच्या) पेट्रोलसाठी बनवलेला, असं तुम्हीच सांगितलंत. टाकीत मात्र कोपऱ्यावरच्या पंपाचं साधं पेट्रोल. स्कॅनरवर नॉक सेन्सरच्या (इंजिनातला ठोका ओळखणाऱ्या) इशाऱ्यावर ठिणगीचं टायमिंग सारखं मागं ओढलं जाताना दिसत होतं. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे दिले, ती ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) स्वतःच परत घेतोय. मॅप इथल्या पेट्रोलवर बसवून घ्या, नाहीतर कंपनीचा परत टाका.

कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेल्या डाउनपाइपचं, म्हणजे टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपचं, काम आम्ही करत नाही, हे तुम्ही ‘येत नाही म्हणून नकार’ असं लिहिलंय. येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल चालत नाहीत, आणि उद्या अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारतो. त्यावर वाद घालणार नाही.

आता पैसे. ३२०० मध्ये १६०० स्कॅनर आणि प्रेशर टेस्टचे, १६०० टर्बो उतरवायची-चढवायची मजुरी. पहिले १६०० आमच्या मेहनतीचे आहेत, ते परत मिळणार नाहीत. दुसऱ्या १६०० बाबत मी बिल परत बघितलं. टर्बो उतरवायच्या आधी तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. मी धरून चाललो की गाडी टाकली म्हणजे परवानगी आहे. ही आमची चूक, ते १६०० परत देतो. आता खोलकामाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ आल्याशिवाय पाना लावायचा नाही, असं पोरांना सांगितलंय.

तुम्ही गाडी दुसरीकडं दाखवणार आहात असं कळलं. जरूर दाखवा. फक्त टर्बो कुणीही बसवू दे, चेंबर उतरवून ऑईल पंपाची जाळी बघायला सांगा. एक गोळा टर्बोत सापडला, बाकीचे कुठं आहेत ते मला माहीत नाही, कारण तिथवर जायच्या आधीच तुम्ही गाडी नेलीत. ऑईल आणि फिल्टर नवा. जोडाला दोन्ही बाजूंनी नवे कॉपर वायसर, पेस्ट नाही. टर्बोच्या भोकात हातानं ऑईल सोडा, गाडीतल्या फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून थोडं थोडं क्रँक करा (नुसता स्टार्टर फिरवा), परतीच्या नळीतून ऑईल पडताना दिसलं की मगच गाडी चालू. आणि घाट चढून वर पोचल्या पोचल्या चावी फिरवायची सवय सोडा, मिनिटभर आयडलवर राहू द्या. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑईल जळून कोळसा होतं.

तो लाल गोळा आणि बोल्ट पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर टाकून काउंटरच्या कपाटात ठेवलंय. १६०० त्याच पिशवीला स्टेपल केलेल्या पाकिटात आहेत. दुपारी १ ते ३ जेवणाची सुट्टी आणि सोमवार सोडून कधीही या.