सिलिंडर काढून मिळेल का?

आज सकाळी नवीन क्लाएंटकडून व्हॉट्सॲपवर पन्नासेक फोटो आले. सगळे इन्स्टाग्रामवरून उचललेले. उदयपूरचा महाल, तळ्याकाठी कलत्या उन्हात फेरे, वऱ्हाड झाडून फिकट पिस्ता रंगात. खाली मेसेज, 'दादा, सेम टू सेम असंच हवंय.' लग्न कुठे, तर दादरला, पहिल्या मजल्यावरच्या एसी हॉलमध्ये. मुहूर्त भर दुपारचा. मागे मरून मखमली पडदा, वर ट्यूबलाइट. कलतं ऊन आणू कुठून?

माझं काम बघून मला बोलावता ना? मग दुसऱ्याच्या फोटोंची झेरॉक्स कशाला मागता?

गेल्या वर्षी गिरगावात एक लग्न केलं. त्यांच्याकडे रिवाज असा की मंगलाष्टकं सुरू झाली की मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालत राहायचं. स्टेजवर माझा जोडीदार होता, मी मागे गेलो. भटारखान्याच्या बोळात प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस, शालू सावरत उभ्या काकू, हातात तांब्या. माइकवरून 'सावधान' ऐकू आलं की थोडं पाणी. फ्लॅश न मारता घेतला. त्या अख्ख्या लग्नात फोटो तोच, बाकी सगळी हजेरी. आणि मुलीचं उत्तर? 'आईमागे गॅसचा सिलिंडर दिसतोय, काढून मिळेल का? नाहीतर अल्बममध्ये नको.'

अहो, काढायला पाच मिनिटं लागतात. पण लेकीवर अक्षता पडताना ती बाई सिलिंडरशेजारी उभी होती, म्हणून तर तो फोटो!

बरं, पैसे त्यांचे, लग्न त्यांचं, मान्य. प्रत्येक मावशीचा सरळ उभा फोटो मी काढतोच, नाहीतर रुसवे कोण काढणार? कायदाही त्यांच्याच बाजूचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम वाचा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. म्हणजे काकू माझ्या हार्ड डिस्कमध्येच राहणार.

कळतं हो मला. बापाने पीएफ काढलेला असतो, मुलगी वर्षभर ते महाल बघत झोपलेली असते. तिला ट्यूबलाइट नको वाटली तर तिचं काय चुकलं?

पण मध्यंतरी एका नवरदेवाने चालू सप्तपदी थांबवली. 'गुरुजी, रीलसाठी पहिल्यापासून घेऊया.' गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ती अक्कल मीच शिकवली!

उदयपूरवाल्यांना उद्या भेटतोय. यादीतले जमतील तेवढे फोटो काढेन, दिवे भाड्याने आणेन, बिलात लावेन. फक्त करारात दोन ओळी घालणार. मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून अंतरपाट दूर होईपर्यंत कुठे उभं राहायचं ते मी ठरवणार. आणि माझ्या पसंतीचे दहा फोटो, सिलिंडरसकट, अल्बममध्ये जाणार.

बायको म्हणते, पळून जाईल क्लाएंट. जाऊ दे!

(लेन्सचा हप्ता पाच तारखेला आहे. कोणाकडे मुंज, बारसं काही असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.)