छोट्या क्लबांचा कप अकॅडमीच्या प्रॅक्टिससाठी नाहीये

फुटबॉलवाल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं की इंग्लंडात ईएफएल ट्रॉफी या छोट्या क्लबांच्या कपात प्रीमियर लीगवाल्यांच्या अंडर-21, म्हणजे अकॅडमीतल्या पोरांच्या टीम्स घेतल्या ते सगळ्यांच्याच भल्याचं झालं. पोरांना खऱ्या मॅचेस मिळतात, छोट्या क्लबांना पैसे मिळतात, 2019 च्या फायनलला 85 हजार लोक आले, स्पेन-जर्मनीत तर हे कधीपासून चालतं, आणि एकही अकॅडमी टीम फायनलला पोचलेली नाही, मग नुकसान कोणाचं? मला यातलं जवळपास काहीच पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही ट्रॉफी लीग वन आणि लीग टूच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पातळीवरच्या 48 क्लबांची, 1983-84 पासूनची. एफए कप, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांचा कप, काही हे क्लब जिंकणार नाहीत, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर कप उचलायचा त्यांचा मार्ग हाच. 2016-17 ला त्यात 16 अकॅडमी टीम्स घातल्या.

आता अनुभवाचं. पोरांना मोठ्या माणसांशी खेळायला मिळालं पाहिजे हे शंभर टक्के मान्य, पण त्यासाठी लोन आहे की, म्हणजे पोराला काही काळ दुसऱ्या क्लबकडे उसना पाठवायचा! बेकहॅम 1995 ला प्रेस्टनला गेला, हॅरी केन 2011 ला लेटन ओरिएंटला. तिथे पॉइंट्ससाठी खेळावं लागतं, बाजूला तिशी ओलांडलेला डिफेंडर असतो ज्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्या निकालांवर ठरणार असतं, चूक केलीस तर तो तोंडावर सांगतो. इथे काय, आपल्याच अकॅडमीतल्या मित्रांबरोबर ग्रुपच्या तीन मॅच, हरलो तर बसमध्ये बसून घरी. आणि मोठ्या क्लबांना याची एवढीच गरज होती तर पहिल्याच वर्षी आर्सेनल, लिव्हरपूल, दोन्ही मँचेस्टर आणि टॉटनहॅम नाही का म्हणाले? मग खालच्या चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या पातळीवरच्या क्लबांच्या अकॅडम्या घेऊन जागा भरल्या.

याच मुद्द्यातली एक गोष्ट मला आजही खटकते. त्याच सीझनला ल्यूटनने स्वतःची तरुण पोरं खेळवली आणि त्यांना 15,000 पाउंड दंड झाला, कारण नियमाप्रमाणे ठरावीक संख्येने पहिल्या टीमचे खेळाडू उतरवायलाच पाहिजेत. पोर्ट्समथलाही तेवढाच. म्हणजे चेल्सीची पोरं खेळली तर विकास आणि ल्यूटनची खेळली तर गुन्हा. ब्रॅडफर्डने तर बरी (Bury) नावाच्या क्लबविरुद्ध नियमात बसण्यासाठी पहिल्या टीमचा गोलकीपर कॉलिन डॉयलला उतरवलं आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर काढलं. चांगला खेळणारा माणूस, हातमोजे घालून आला, तीन मिनिटं उभा राहिला आणि बेंचवर जाऊन बसला. पुढे नियम थोडा सैल केला, पण मुळात अशी वेळ कोणी आणली?

मी तेव्हा कामानिमित्त तिकडे होतो, एका मंगळवारी लीग टूच्या एका ग्राउंडवर अशी मॅच बघायला गेलो. एकच स्टँड उघडा, बाकी तीन बाजू अंधारात, कोच काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं. गेटपाशी क्लबचा स्कार्फ घातलेले एक आजोबा नातवाला सोडायला आलेले. त्याला आत पाठवलं आणि स्वतः गाडीकडे वळले. मी विचारलं तर म्हणाले तीस वर्षांचं सीझन तिकीट आहे, लीगची मॅच चुकवत नाही, पण याला येणार नाही. ते एकटे नव्हते, त्या वर्षी गावोगावच्या सपोर्टर्सनी बी टीम (म्हणजे मोठ्या क्लबांच्या दुय्यम टीम्स) बॉयकॉट चालवला होता आणि कित्येक ग्राउंडवर हजारसुद्धा माणूस जमला नाही.

म्हणून 2019 च्या आकड्याचं मला आश्चर्य वाटत नाही. 85,021 लोक आले ते पोर्ट्समथ आणि सुंदरलंडसाठी, त्यात अकॅडमीचा काय संबंध? 1988 ला वुल्व्ह्ज-बर्नली फायनललाही 80,841 होते. आणि 2009 ला ल्यूटन शिक्षा म्हणून उणे 30 पॉइंट्सने सीझन सुरू करून लीगमधूनच बाहेर पडत होतं, तरी त्यांची माणसं वेम्बली भरायला गेली आणि 3-2 ने कप घेऊन आली.

पैसे मिळतात, हे खरं आहे, आणि छोट्या क्लबला दहा-वीस हजार पाउंडसुद्धा लागतात. पण 2016 ते 2019 चे नुसते ब्रिटनमधले टीव्ही हक्क प्रीमियर लीगने 5.1 अब्ज पाउंडला विकले होते. द्यायचेच असतील तर तसेच द्या ना, बदल्यात कपात जागा कशाला पाहिजे? ज्या बरीचं नाव वर आलं तो क्लब 125 वर्षं लीगमध्ये राहून 2019 च्या ऑगस्टमध्ये पैशांपायी बाहेर फेकला गेला, असल्या बक्षिसांनी काही तो वाचला नाही.

स्पेन-जर्मनीचं उदाहरण तर उलटंच पडतं. तिथे बी टीम्स लीगमध्ये आहेत, पण कपात? 1980 ला रेआल माद्रिदची बी टीम कास्तिया कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या मुख्य कपाच्या फायनलला गेली आणि समोर कोण तर स्वतःचीच मोठी टीम, 6-1. पुढे 1990 पासून बी टीम्सना त्या कपात बंदी. जर्मनीने 2008 पासून तेच केलं. बायर्नची दुसरी टीम 2019-20 ला तिसरी लीग जिंकली तरी तिला वर जाऊ दिलं नाही. म्हणजे ज्यांचे दाखले देताय त्यांनीच कुंपण घातलंय.

राहिला शेवटचा मुद्दा, फायनलला कोणी पोचलंच नाही. 2018 ची सेमीफायनल आठवा. लिंकन सिटी विरुद्ध चेल्सी अंडर-21, 1-1, मॅच पेनल्टीवर. लिंकनचा क्लब 1884 चा, तोवर एकदाही वेम्बलीवर गेला नव्हता. पेनल्टी लिंकनने जिंकल्या, आणि मग फायनलला हजारो माणसं लाल-पांढरे स्कार्फ घालून लंडनला निघाली, 134 वर्षांत पहिल्यांदा. दोन पेनल्टी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर ती सगळी घरी बसली असती, आणि वेम्बलीवर चेल्सीची अशी पोरं उतरली असती ज्यातली निम्मी पुढच्या सीझनला लोनवर जाणारच होती.