‘जुगाड’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या विज्ञानातली विजेची मोटर वर्गात मुलांच्या हातून कशी करून घ्यायची, ही पोस्ट मागच्या आठवड्यात इथे टाकली. तिच्याखाली ‘एक विज्ञान शिक्षक’ एवढ्याच नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. पोस्टमध्ये एक चूक आहे. 65 मुलांच्या वर्गात 35 मिनिटांच्या तासाला हे जमत नाही. कार्यशाळेत साहित्याची पिशवी हातात देऊन शिक्षकाला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा वर्षभर विचारायला हक्काचं कुणीतरी हवं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘अशा जुगाडाला टाळ्या मिळतात, भौतिकशास्त्र शिकवलं जात नाही.’

आधी चूक. ती मान्य. ‘तारेच्या कडीची दोन्ही टोकं ब्लेडने खरवडून घ्या’ असं माझ्या हातून लिहिलं गेलं. तारेवरचं वार्निश एका टोकाचं पूर्ण आणि दुसऱ्याचं निम्मंच खरवडायचं असतं. पोस्ट त्याच रात्री दुरुस्त केली. फोटोत मात्र निम्मं खरवडलेलं टोक स्पष्ट दिसतं. तो फोटो नीट पाहिला असता, तर ‘लेखकाने हा प्रयोग स्वतः कधी केला आहे का?’ असं विचारण्याची वेळ आपल्यावर आली नसती. चूक दाखवणाऱ्याचे मी नेहमीच आभार मानतो, आपलेही मानतो. पण चूक दाखवायची एक रीत असते. स्टाफरूममध्ये समोर बसलेल्या सहकाऱ्याशी आपण असं बोलला असता का?

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

जुगाड म्हणजे काय? वेळ मारून न्यायला केलेली तात्पुरती सोय. मी जे करतो ते वेळ मारून नेण्यासाठी नाही, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. 1997 साली भुदरगड तालुक्यातल्या एका शाळेत मी रुजू झालो. शाळेत प्रयोगाचं एक लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. वर्षातून एकदा, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, तपासायच्या दिवशी, ते उघडायचं. आत काचेचा लोलक होता, अजून बटर पेपरात गुंडाळलेला. काचेच्या चिपा होत्या. दोन पट्टीचुंबकं होती, सजातीय ध्रुव एकाच बाजूला करून वर्षानुवर्षं शेजारी शेजारी ठेवलेली. त्यांना टाचणीसुद्धा उचलत नव्हती. लोलक वर्गात न्यायचा म्हणून मी मागितला, तर उत्तर मिळालं, ‘फुटला तर पगारातून भरणार का?’ माझा तेव्हा पूर्ण पगारसुद्धा सुरू झाला नव्हता.

त्या वर्षी मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या. काचेच्या चिपेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, सगळ्यांचा 1.5. एकाचाही 1.48 नाही, एकाचाही 1.53 नाही. टाचण्या लावून, किरण आखून, कोनमापकाने कोन मोजून इतक्या मुलांचं उत्तर तंतोतंत सारखं येईल? मोजणारे हात वेगळे असले की आकडे थोडे इकडेतिकडे होणारच. त्या वह्यांवर माझ्या आधीच्या शिक्षकांच्या सह्या होत्या, पूर्ण गुण होते. त्याला कुणी जुगाड म्हटलं नाही! आपल्या व्याख्येत ते भौतिकशास्त्र बसतं आणि मुलाने स्वतः गुंडाळलेली तार बसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ती तार कुठून आली तेही सांगतो. कोल्हापुरात बदली झाल्यावर मी पहिल्यांदा मोटर करायला घेतली तेव्हा ती फिरलीच नाही. पुस्तकातल्या आकृतीत कडीसोबत फिरणारं दुभंगलेलं कडं आहे, त्याला टेकून वीज पोचवणारे ब्रश आहेत. ते हाताने कसं करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. बी.एड.लाही नाही. मी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात गेलो. कारागिराने माझी कडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, ‘सर, दोन्हीकडनं सगळं वार्निश काढलासा व्हय? एका टोकाला निम्मंच काढा, न्हाईतर ती नुसती थरथरंल.’ मग त्याने करून दाखवलं. कडी उभी धरली, टोक टेबलाच्या कडेवर टेकवलं आणि ब्लेडने फक्त वरची बाजू खरवडली. खालच्या बाजूला तांबूस वार्निश तसंच राहिलं, वर तांबं चकाकलं. सेलच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबराने सेफ्टी पिना बसवल्या होत्या, सेलवर जुन्या स्पीकरचं चुंबक. कडी पिनांच्या भोकांत ठेवून त्याने बोटाने हलकी टिचकी मारली आणि ती फिरायला लागली. तारेचे पैसे त्याने घेतले नाहीत.

‘थरथरंल’ हा शब्द मी वर्गात नेला. तेव्हापासून दरवर्षी मी मुद्दाम दोन कड्या करून घेतो. एक निम्मी खरवडलेली, दुसरी दोन्हीकडून पूर्ण खरवडलेली. पहिली फिरते. दुसरी अर्धी वळते, अडते, मागे येते, थरथरते आणि थांबते. वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी विचारतंच, ‘सर, हिच्यात तर जास्त करंट जातोय, मग ही का नाही फिरत?’ सगळा धडा या एका प्रश्नात आहे. अर्ध्या फेरीनंतर कडीच्या बाजूंची अदलाबदल होते. प्रवाह तसाच चालू राहिला तर जे बल कडीला पुढे ढकलत होतं तेच आता मागे ढकलतं. निम्म्या वार्निशमुळे नेमका तेवढा वेळ प्रवाह बंद राहतो, कडी आपल्या जडत्वाने पुढे जाते आणि पुन्हा तांबं टेकलं की पुढचा धक्का बसतो. पुस्तकातलं दुभंगलेलं कडं याच्याही पुढे जातं. ते प्रवाह नुसता बंद करत नाही, त्याची दिशाच उलटी करतं, म्हणून दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत धक्का मिळतो. एकदा ती थरथर बघितलेल्या मुलाला बलाची दिशा सांगणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम पाठ करावा लागत नाही, ते वर्गातच बोटं धरून बघायला लागतं. आता सांगा, यात टाळ्या कुठे आहेत? थांबलेल्या कडीला कोण टाळ्या वाजवतं?

आणि साध्या सामानाचंच म्हणाल, तर 1821 साली मायकेल फॅरेडेने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती पहिल्यांदा फिरवली तेव्हा त्याच्याकडे तरी काय होतं? भांड्यात पारा, त्यात उभं केलेलं चुंबक आणि वरून सोडलेली तार. आपल्या देशातलं बोलायचं तर 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत हाताने विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात खेड्यातल्या शिक्षकांच्या बरोबरीने बसत. दर महिन्याला शिक्षकांची बैठक व्हायची, काय जमलं, काय फसलं ते मांडलं जायचं. तो कार्यक्रम 2002 पर्यंत चालला. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये पुण्यातल्या नोकरीतून रजा घेऊन तिथेच गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. त्यांची मराठी पुस्तकं आज फुकट वाचायला मिळतात. या माणसांना तुम्ही जुगाडू म्हणणार असाल, तर मलाही म्हणा, मला त्यांच्या रांगेत शेवटी उभं राहायला आवडेल.

राहिलं वेळेचं. 65 मुलं काय, 70 काय, ती सगळ्यांच्याच वर्गात आहेत. माझ्याही वर्गात आहेत. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, शालेय पोषण आहाराचे हिशेब मलाही चुकलेले नाहीत. ज्याला करायचं आहे तो पाच-पाच जणांचे गट पाडून करतोच. गुणांचं म्हणाल तर प्रात्यक्षिकाला 20 गुण आहेतच, ते नुसते वाटायचे की मुलांकडून कमवून घ्यायचे, हे शिक्षकाने ठरवायचं.

वर्षभराच्या मदतीबद्दल आपण जे लिहिलंत तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. माझ्या कार्यशाळेला आलेल्या शिक्षकांकडे माझा नंबर असतो, कोणीही कधीही फोन करू शकतो. फारसे येत नाहीत, त्याला मी काय करणार?

एवढं लिहिल्यावर राग उरलेला नाही, असं म्हणणार नाही. ज्या माणसाने रविवार घालवून तार गुंडाळली, त्याला अनोळखी नावामागे लपून टाळ्यांचा हावरा ठरवणं मला पटत नाही. आपण खरोखर विज्ञान शिकवत असाल, आणि निम्म्या टोकाची चूक पकडलीत म्हणजे शिकवत असणारच, तर शाळेचं नाव कळवा. शनिवारी सकाळची शाळा असते, माझी अकराला सुटते. 24 गेज जाडीची तार, 13 सेल, 26 सेफ्टी पिना आणि 13 चुंबकं मी घेऊन येतो. 65 मुलं आपली, पाच-पाच जणांचे 13 गट. ब्लेड मुलांच्या हातात देऊ नका, तारेसाठी पॉलिशपेपर आणून ठेवा, आणि कडी थांबली की सेल लगेच सोडवायला सांगा, तापतो.

आणि पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली नाव लिहा.