नायिकेला कमवू द्या, तुम्ही लोळत वाचा

सुट्टीच्या दिवशी हलकीफुलकी प्रेमकथा वाचायची असेल तर उलट्या संसाराची घ्यावी. म्हणजे ती कारखाना चालवते आणि हा घर. ती रात्री उशिरा येऊन बूट दारातच भिरकावते, हा ते उचलून ठेवतो आणि विचारतो, "जेवलीस का काही?" ती त्याला गाडीवर मागे बसवून इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत नेते, गराडूची म्हणजे तळलेल्या कंदाची प्लेट हातात देते, आणि हा घड्याळ बघत म्हणतो, "उशीर झाला, आई रागावेल." गोड असतं हो. मी तीन वाचल्या. पण वाचण्याचं तंत्र न सांभाळल्यामुळे आमच्या घरात विनाकारण बोलाचाली झाली. तुमच्या घरात होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी आसन. पलंगावर आडवं व्हावं, डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात. वेळ रविवार सकाळची, कारण तोवर आपण कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून पोहे आणलेले असतात. वाफेवरचे, वर शेव, जीरावन मसाला, सोबत जिलेबीची पुडी. "सकाळचं मी बघितलं" हे वाक्य त्या पुडीच्या जोरावर संध्याकाळपर्यंत वापरता येतं. ताटल्या कोणी काढल्या, कोणी विसळल्या, पाकात भिजलेला कागद कुठल्या बादलीत गेला, या खोलात शिरू नये. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर इंदूरचा. नंबर आपला, बादल्या तिच्या.

आता कादंबरीतला सगळ्यात बहारीचा भाग, म्हणजे बघण्याचा कार्यक्रम. मुलीकडची मंडळी मुलाच्या घरी येतात. मुलगा खाली मान घालून ट्रे आणतो, कपबशा किणकिणतात. मुलीची आत्या चष्म्यावरून बघत विचारते, "पोळ्या येतात का? गोल?" मुलीचे वडील समजूतदार आहेत. ते म्हणतात, "नोकरी करू दे की, आमची ना नाही. घरचं सगळं सांभाळून करावी एवढंच." मुलाचा बाप हात जोडून म्हणतो, "सगळं शिकवलंय हो त्याला."

मी इथे पोट धरून हसलो आणि घोडचूक केली. उतारा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. हसली नाही.

"यात विनोद कुठे आला?" म्हणाली. "तुमच्या आत्यांनी मला हेच विचारलं होतं. पोहे ठेल्यावरचे होते, समोर जिलेबीची पुडी होती, तरी म्हणाल्या, तूच केलेस का ग?"

"अगं, ते वेगळं."

"काय वेगळं?"

तेव्हा अशा कादंबऱ्या मनातल्या मनात वाचाव्यात. हसू आलंच तर खोकावं.

"ते वेगळं" हे दोन शब्द मात्र पाठ करून ठेवा, पानोपानी लागतात. लग्नानंतर नायक बायकोच्या गावी जातो, नोकरी सोडतो, आडनाव बदलतो. इथे "फारच अतिरंजित" असं म्हणून मान हलवावी. तुमच्या बहिणीने हे तिन्ही केलं होतं, पण ते वेगळं. पुढे नायक वडाला सात फेरे घालतो, कडक उपास धरतो, आणि नायिका मीटिंगमधून फोन करून विचारते, "आज साबुदाणा आहे ना? थोडा ठेव माझ्यासाठी." हाही प्रसंग खोटा वाटून घ्यावा. आपल्या गल्लीतल्या वडाला दर ज्येष्ठात दोनदा दोरा गुंडाळला जातो, शेजारच्या हिंदीभाषक बायकांचा अमावास्येला आणि आपल्या बायकांचा पौर्णिमेला. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन प्रांतांच्या नवऱ्यांचं आयुष्य वाढतं. त्या झाडाखाली एकही पुरुष बायकोसाठी उपाशी उभा दिसला नाही, यावरून कादंबरीकाराचा अभ्यास किती कच्चा ते कळतं.

कोणी म्हणेल, मराठी रसिकाला अदलाबदलीचं वावडं नाही. खरंच नाही. बालगंधर्व साडी नेसून रंगमंचावर आले, तर घरंदाज बायकांनी त्यांच्यासारखं नेसणं उचललं. पुरुषाने शालू नेसलेला आपल्याला चालतो. त्याने फरशी पुसायचं फडकं हातात घेतलं की कलेचा ऱ्हास होतो.

आकडे घरात आणू नयेत. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही असे पुरुष शंभरात सव्वीसच. कादंबरीकार फार काही करत नाही, हे दोन आकडे इकडचे तिकडे ठेवतो, आणि आपण त्याला कल्पनाशक्ती म्हणतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच बायकांना लावता ते नियम पुरुषांना का नाहीत असं रोखठोक विचारलं होतं. तसलं वाचू नये. त्यात प्रेमकथा नाही, आणि आडवं पडून वाचवत नाही.

"बाई एवढा कारभार चालवते हे पटत नाही," असं कट्ट्यावर म्हणायचा मोह होईल. इंदुरात जरा जपून. इथे १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं होळकरांचं राज्य अहिल्याबाईंनी चालवलं. विमानतळ त्यांच्या नावाचं, विद्यापीठही त्यांच्या नावाचं. पण घाबरू नका, आपल्या पूर्वजांनी तोड काढून ठेवली आहे. दोन्ही पाट्यांवर नावाआधी "देवी" आहे. देवी म्हटलं की मिटलं. देवीला ऑफिसातून आल्यावर कुकर लावावा लागत नाही.

शेवट सांगत नाही, तुमची मजा जाईल. मी शेवटून दुसऱ्या प्रकरणात आहे. नायिका परगावी गेली आहे, नायकाला ताप आहे, तरी सासऱ्यांच्या डब्यासाठी त्याने डाळ लावली आहे. फार हळवं लिहिलंय, डोळे पाणावतात.

मघाशी बायको भाजीला निघताना दारातून सांगून गेली, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी हो म्हटलं होतं. पानात नायक अंगावरची शाल सावरत ओट्याकडे धावतो आहे. स्वयंपाकघरातून पाचवी ऐकू आली. की सहावी?