शिंपल्यांचा लिलाव आणि टीव्हीची सरसकट बदनामी

आमच्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. भातुकली, दुकान-दुकान यांत वेळ फुकट जातो; खोटं-खोटं खेळून मुलांना खरं-खोटं कळेनासं होतं; टीव्ही तर कुठलाही वाईटच. म्हणून तिसऱ्या वर्षापासून पाढे सुरू करा.

आधी खऱ्या-खोट्याचं. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहिलेली पोरं घरी येऊन शिंपल्यांची पापलेटं मांडतात आणि बोली लावतात. त्यातली एकही शिंपली तळून मागत नाहीत! शिंपली ती शिंपलीच, हे पक्कं ठाऊक असतं म्हणून तर तिचं पापलेट करता येतं. शिवाय बोली चढवायची तर आधीचा आकडा ध्यानात ठेवा, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसा, ‘व्यापारी मीच’ म्हणून रुसलेल्याची समजूत काढा. पाढे घोकून यातलं काय येतं?

वेळ फुकट? ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये याच किनाऱ्यावर, बोर्डीला, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलं ते २०२०मध्ये.

टीव्हीबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही २०१९पासून सांगते. पण ‘कुठलाही’ हा शब्द चुकीचा. २०११मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना नऊ मिनिटं भरधाव कार्टून दाखवलं, काहींना संथ, काहींना चित्रं काढायला दिली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत भरधाववाली मुलं एकाग्रतेत, स्वतःला आवरण्यात मागे पडली. संथवाली चित्रं काढणाऱ्यांच्या बरोबरीने राहिली. (परिणाम किती टिकतो, हे त्या प्रयोगाने तपासलं नव्हतं.)

तिकडेच फ्रेड रॉजर्स १९६८ ते २००१ मुलांसाठी टीव्हीवर एक कार्यक्रम करायचे. बूट बदलायचे, माशांना खाऊ घालायचे, सावकाश बोलायचे. बाहुल्यांच्या कल्पित राज्यात मुलांना न्यायला एक छोटी ट्राम असे. बाहुल्यांचे आवाज बरेचसे त्यांचेच, पण त्या राज्यात ते स्वतः कधी दिसत नसत. खरं कुठे संपतं आणि खोटं-खोटं कुठे सुरू होतं, हे ती ट्रामच दाखवायची.

आपल्या घरांत खरी पंचाईत केली आहे ती मोबाईलवर आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या व्हिडिओने. त्याबद्दल संदेशात एक अक्षर नाही.