‘एसडीआर आला, मिक्सर गेला’ : एका दाव्याचा प्रतिवाद

इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी आणि हौशी रेडिओवाले यांच्यात सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: मिक्सर म्हणजे दोन सिग्नल एकत्र करणारा जुना भाग, सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे रेडिओचे बरेचसे काम सॉफ्टवेअरकडून करवणारा एसडीआर, आल्यापासून त्याची गरज संपली, संगणकाला जोडायच्या स्वस्त रेडिओ डोंगलमध्ये किंवा मोबाइलमध्ये मिक्सर कुठेच दिसत नाही, अँटेनाला थेट एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, जोडला की उरलेले काम गणित करते, शिवाय मिक्सर गेला की नॉइज आणि इमेज (नको त्या वारंवारतेचा सिग्नल हव्या सिग्नलवर येऊन बसणे) यांचा जाचही सुटतो, आणि ट्रान्समीटरलाही हेच लागू आहे. यातील एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच बाकीच्या पटकन पटतात.

‘एकत्र करणारा भाग’ या पहिल्याच विधानात नावाने घात केला आहे. स्वयंपाकघरातला मिक्सर वाटण करतो, मांडवातल्या साउंडवाल्याचा मिक्सर आवाजांची बेरीज करतो. रेडिओतला मिक्सर मात्र गुणाकार करतो. दोन लहरींची नुसती बेरीज केली तर त्यांच्या मूळ वारंवारता तशाच राहतात, नवी एकही जन्माला येत नाही. गुणाकार केला तर दोघींची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन नव्या वारंवारता मिळतात. आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. साध्या सुपरहेटरोडाइन संचात, म्हणजे प्रत्येक केंद्राचा सिग्नल एकाच ठरलेल्या वारंवारतेवर आणणाऱ्या संचात, लोकल ऑसिलेटर (संचातच लहर निर्माण करणारा भाग) १२४७ वर ठेवला की वजाबाकी ४५५ किलोहर्ट्झ येते, आणि २०३९ ची बेरीज फिल्टरमध्ये अडते. केंद्र बदलले तरी ४५५ तेच राहते, त्यामुळे चांगला फिल्टर एकदाच घडवावा लागतो. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये या रचनेला आकार दिला.

डोंगलचे उदाहरण तर दाव्याच्याच विरोधात जाते. आर८२०टी ट्यूनर (हवा तो पट्टा निवडणारी चिप) असलेल्या प्रचलित डोंगलमध्ये हा ट्यूनर आपल्या पोटातल्या मिक्सरने हवा तो पट्टा ३.५७ मेगाहर्ट्झच्या आसपास उतरवतो. मग पुढची चिप सेकंदाला २ कोटी ८८ लाख नमुने घेते आणि ते नमुने साइन व कोसाइनच्या आकड्यांनी गुणून पट्टा शून्याभोवती आणते. म्हणजे मिक्सिंग येथे दोनदा होते, एकदा सिलिकॉनमध्ये आणि एकदा आकड्यांत. मोबाइलमध्येही तसेच आहे: चार डायोडचे कडे आणि दोन ट्रान्सफॉर्मर असलेला मिक्सर बोर्डावर शोधणाऱ्याला तो सापडणार नाही, कारण ट्रान्सीव्हर चिपच्या आत काही मॉसफेट ट्रान्झिस्टर स्विचसारखे ऑसिलेटरच्या ठेक्यावर उघडमीट करून तेच काम करीत असतात.

खरा विचार करण्याजोगा मुद्दा थेट एडीसीचा आहे. शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या आत, तो बराचसा खरा आहे. आयकॉम आयसी-७३०० सारखे हौशी संच अँटेनाकडून आलेला सिग्नल पट्टा-फिल्टरमधून नेऊन थेट नमुन्यांत बदलतात आणि उत्तम चालतात. वर जावे तशी मात्र अडचण वाढते, कारण नमुना घेण्याच्या क्षणात होणारी सूक्ष्म चलबिचल वेगाने बदलणाऱ्या लहरीला जास्त नडते. ही चलबिचल ०.१ पिकोसेकंद धरली, तर केवळ तिच्यामुळे सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तराची कमाल मर्यादा १०० मेगाहर्ट्झला ८४ डीबी (डेसिबल), ३.५ गिगाहर्ट्झला ५३ डीबी आणि ५जीच्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात जेमतेम ३६ डीबी उरते. ऑसिलेटरही थरथरतो हे खरे. पण एकाच वारंवारतेची लहर अरुंद फिल्टरने स्वच्छ करता येते, रुंद तोंडाच्या एडीसीला ती सवलत नसते. त्यात बॅटरीवर पडणारा भार वेगळाच.

यावर कोणी म्हणेल की कमी वेगाने नमुने घेऊनही उंच पट्टा खाली आणता येतो. येतो, पण नमुने घेणे म्हणजेच टोकदार स्पंदांच्या माळेने सिग्नलला गुणणे, आणि पट्टा खाली येतो तो त्या गुणाकारामुळेच. मिक्सर टाळण्याचा हा उपाय स्वतःच एक मिक्सर आहे! जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची अद्ययावत रचनाही येथे पाहण्यासारखी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्रात येतात, तेथे अॅनालॉग विभागात मिक्सरने शून्य ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये उतरवले जातात आणि त्यानंतरच त्यांचे आकडे होतात.

नॉइज आणि इमेजबद्दलची तक्रार खोटी नाही. डायोडच्या कड्यात सुमारे ६ डीबी सिग्नल वाया जातो, आणि वर घेतलेल्या पुण्याच्या उदाहरणात १७०२ किलोहर्ट्झवरचे काहीही त्याच ४५५ वर येऊन बसते. पण एडीसीपुढे फिल्टर नसेल तर एलियासिंगमध्येही, म्हणजे उंच वारंवारता नमुन्यांत खालची भासते तेव्हाही, हुबेहूब हेच घडते. इमेज येथे नाव बदलून येते, आणि फिल्टरचा खर्च दोन्हीकडे चुकत नाही.

ट्रान्समीटरमध्ये बहुतेक ठिकाणी माहितीचे आय आणि क्यू असे दोन प्रवाह दोन मिक्सरमधून ९० अंशांच्या अंतराने वर चढवले जातात. त्या अंतरात १ अंशाची चूक झाली तरी नको असलेली बाजू (साइडबँड) फक्त ४१ डीबीने दबते, म्हणून चिपला स्वतःची दुरुस्ती सतत करावी लागते. मिक्सर खरोखर टाळणारी रचनाही आहे: मूळ ब्लूटूथमध्ये लहरीची उंची कायम राहते, म्हणून तेथे ऑसिलेटरची वारंवारताच थेट हलवून माहिती पाठवता येते. संदेश लिहिणाऱ्याने हे उदाहरण दिले असते तर त्याची बाजू काहीशी मजबूत झाली असती, मात्र त्याच चिपच्या रिसीव्हरच्या अंगाला सहसा मिक्सर असतो, हेही त्याला सोबत सांगावे लागले असते.