मुखपत्र का असेना!

"आपलं अलिबागचं कृषीवल म्हणजे शेकापचं, शेतकरी कामगार पक्षाचं मुखपत्र. त्याला वृत्तपत्र काय म्हणायचं? असली छोट्या गावांतली पत्रं उद्या बंद पडली तरी कुणाचं काय अडणार आहे? बातम्या मोबाइलवर येतातच." अलिबागहून भाचा फोनवर असं बोलला आणि घरातल्या सगळ्यांनी त्याची री ओढली. मला ते फार लागलं.

मुखपत्र आहे, मान्य. पण कुणाचं, तेही बघा. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीला खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी जमिनी ओस टाकल्या आणि १९३९ पर्यंत कुणी मागे हटलं नाही. सहा वर्षं! पोटाला चिमटा घेऊन, लाकूडफाटा विकून माणसं जगली. पुढारी होते नारायण नागू पाटील, पाठीशी डॉ. आंबेडकर. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' काढलं. शेकाप स्थापन झाला त्यानंतर दहाएक वर्षांनी. म्हणजे पत्र आधी आणि पक्ष मागाहून. ही गोष्ट अलिबागच्या पोरांना मी वेल्समधून सांगायची?

पक्षाच्या पत्रात पक्षाला अडचणीची बातमी शोधू नये, त्यासाठी दुसरं पत्र घ्यावं. आमच्या आजोबांकडे दोन यायची. दोन्ही वाचून झाल्याशिवाय ते मत द्यायचे नाहीत.

आता मी राहतो तिथलं ऐका. 'पोर्ट टॅलबट गार्डियन' कुठल्या पक्षाचा नव्हता. २००९ मध्ये मालक कंपनीने तो बंद केला. इतक्या मोठ्या पोलाद कारखान्याच्या गावाला स्वतःचं पत्र उरलं नाही. काही पत्रकारांनी पदरमोड करून 'मॅग्नेट' चालवला, तोही २०१६ मध्ये थांबला. त्यांच्यातल्याच रेचेल हॉवेल्स यांनी या गावावर पीएचडी केली. वार्ताहर कमी होत गेले तसे कौन्सिलच्या बैठकांना कुणी जाईनासं झालं, पत्रकं जशीच्या तशी छापली जाऊ लागली आणि लोक ऐकीव गोष्टींवर विसंबू लागले, असं त्यांना आढळलं. पीएचडी न करता मलाही ते दिसलं होतं. २०१४ मध्ये इथल्या एम४ महामार्गावर चढायचं जंक्शन ४१ गर्दीच्या वेळी बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा आमच्या गल्लीतले दोन शेजारी दोन वेगवेगळ्या वेळा सांगत होते. मोबाइल दोघांच्याही हातात होते.

३० सप्टेंबर २०२४ ला टाटांची इथली शेवटची झोतभट्टी विझली. लंडनचे कॅमेरे आले, दोन दिवस थांबले, गेले. नंतरच्या महिन्यांत कुणाचं घर कसं चाललं, हे आठवड्याला छापणारं गावचं पत्र नव्हतं. पबमध्ये एकजण मलाच विचारत होता, पुढे काय होणार? मी भारतीय, टाटा भारतीय, म्हणजे मला ठाऊक असणार! याच्या शेजारी आमचा रायगड ठेवा. २००८ मध्ये पेणच्या बावीस गावांनी सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का यावर जनमत नोंदवलं. जमीन जायची वेळ आली की कुणाची तरी बाजू घेणारं पत्रच लागतं. दोन्हीकडून अंतर राखणाऱ्या पत्राचं काय होतं, ते मी इथे बघितलंय.

"मामा, तू लांबून बोलतोस," भाचा म्हणाला. हो, लांबूनच बोलतो. तिथे रोज दारात पडणाऱ्या अंकाची किंमत तिथे बसून कळत नाही.

आणि लांब असण्याचं म्हणाल, तर मी लांब आहे तो या गावापासून. मे २०२२ च्या कौन्सिल निवडणुकीत मी मत दिलं ते लेटरबॉक्समधून आलेली पत्रकं वाचून. उभ्या राहिलेल्यांपैकी एकाचंही आधीचं काम मला माहीत नव्हतं, आणि ते विचारावं अशी जागाही नव्हती. अलिबागला माझं नाव मतदार यादीत नाही. तरी नगरपालिकेत कोण कुणाशी भांडतंय, कुठल्या आळीत पाणी येत नाही, हे मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी वाचतो. इतकी वर्षं कौन्सिल टॅक्स भरूनही मी पोर्ट टॅलबटकर झालो नाही, याचा सगळा दोष स्वतःकडे घ्यायला मी तयार नाही.